आठवड्याची ड्युटी आणि शेवटची एसटी : दुकानात अर्धवेळ काम करणाऱ्या ज्येष्ठांसाठी

दुकानात अर्धवेळ काम करणाऱ्या साठीपुढच्या माणसाला काम जड जाते का, असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच येते. जड जातो तो रात्री साडेनऊला मोबाइलवर येणारा निरोप : 'काका, उद्या दुपारी दोन ते साडेनऊ या.' दुकान चिपळूण, कुडाळ किंवा दापोलीच्या बाजारपेठेत असते आणि काकांचे घर तिथून पंधरा-वीस किलोमीटर आत असते. त्या बाजूची शेवटची एसटी संध्याकाळी सात-साडेसातला सुटते आणि रात्री गावातच वस्तीला राहते. साडेनऊला सुटलेल्या माणसाने घरी कसे जायचे, हा प्रश्न निरोप धाडणाऱ्याच्या मनात आलेलाच नसतो.

हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण अशाच एका दुकानात सात वर्षे ड्युटीचा तक्ता मी तयार करत होतो. आमच्याकडच्या ज्येष्ठ कामगारांची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे मला पहिली दोन वर्षे माहीत नव्हते. त्यांनी ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पुढे जे लिहिले आहे ते टेबलाच्या त्या बाजूला बसून शिकलेले आहे.

तक्ता करणारा काय पाहतो

तक्ता करणाऱ्या माणसासमोर सर्वांत आधी गर्दी असते. पगार झाल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस, शनिवार-रविवार, गावचा आठवडा बाजार आणि रोज संध्याकाळी पाच ते आठ हा वेळ, एवढ्यात दुकानाची बहुतेक विक्री होते. त्यानंतर मालाची गाडी येण्याचे दिवस आणि महिनाअखेरची मालमोजणी. या जागा भरताना तो आधी पूर्णवेळ माणसे बसवतो आणि उरलेल्या फटींत अर्धवेळ माणसे घालतो. म्हणून अर्धवेळ माणसाची ड्युटी सारखी बदलते. त्यात सहसा राग नसतो, फक्त तिचा विचार सगळ्यांत शेवटी झालेला असतो.

कोकणात यावर ऋतूंचाही हात असतो. एप्रिल-मेमध्ये चाकरमानी गावी येतात, गणपतीच्या आधीचा पंधरवडा तर दुकानात उभे राहायला जागा नसते. याउलट १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, पाऊस लागलेला असतो, बंदरालगतच्या बाजारात पैसा कमी फिरतो आणि अर्धवेळ माणसांचे तास सर्वांत आधी कापले जातात. हे दरवर्षीच घडत असल्यामुळे त्याची तयारी आधी करता येते, आणि या लेखातला बराचसा भाग त्या तयारीचाच आहे.

आधी आपले वेळापत्रक कागदावर आणा

दुकानाशी बोलण्यापूर्वी आपण कोणत्या वेळी खरोखर येऊ शकत नाही, हे स्वतःशी पक्के करावे. इथे बहुतेकांची गफलत होते. भिडस्तपणाने 'कधीही चालेल' म्हणतात आणि मग आतल्या आत कुढतात, नाहीतर 'मला संध्याकाळ नकोच' असे सरसकट सांगून बसतात. दोन्ही उत्तरे तक्ता करणाऱ्याच्या उपयोगाची नाहीत. त्याला कारण आणि आकडा लागतो.

म्हणून डेपोत चौकशी खिडकीवर जाऊन आपल्या मार्गाच्या सकाळच्या पहिल्या दोन आणि संध्याकाळच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून आणाव्यात. शाळांना सुट्टी लागली की काही फेऱ्या बंद होतात, त्या कोणत्या तेही विचारावे. कोकणात हा प्रश्न पैशाचाही आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. शेवटची गाडी चुकली की याच माणसाला रिक्षाला जे पैसे मोजावे लागतात, त्यात त्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा जातो. तक्ता करणाऱ्याला हा हिशेब सांगितला तर तो त्याला लगेच कळतो.

गाडीनंतर औषध. मधुमेह असलेल्या माणसाने इन्सुलिन आणि जेवण यांच्या वेळा लिहाव्यात, गुडघ्यांचा किंवा पायांच्या शिरांचा त्रास असेल तर सलग किती तास उभे राहता येते तेही लिहावे. बसायला स्टूल मागण्यात कमीपणा नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. आपल्याकडे बिलिंगच्या काउंटरमागे एक स्टूल ठेवायला सहसा कोणाची हरकत नसते, फक्त ते मागावे लागते.

मागावे कसे

माझ्या अनुभवात सकाळची ड्युटी मागणाऱ्या ज्येष्ठाला नकार मिळण्याचे कारण क्वचितच असते. दुकानातली कॉलेजची मुले सकाळी येऊ शकत नाहीत. सकाळी दुकान उघडणे, कालचा माल रॅकवर लावणे, तारखा तपासून जुना माल पुढे आणणे, ही कामे शांत हाताने करायची असतात आणि ती वयस्कर माणसेच नीट करतात. तेव्हा 'मला संध्याकाळ जमत नाही' याऐवजी 'सकाळचे उघडणे मी रोज सांभाळतो' असे म्हणावे. बदल्यात एखादी गैरसोय आपण होऊन उचलावी, उदाहरणार्थ महिन्यातून दोन रविवार किंवा मालमोजणीचा एक दिवस.

बोलणे तोंडी करावे, पण त्याच दिवशी ते लिहून द्यावे. सुपरवायझर नातवाच्या वयाचा असला आणि तो 'काका' किंवा 'काकी' म्हणत असला तरी या एका कागदावर 'आपण' आणि 'साहेब' असेच लिहावे, कारण तो कागद त्याच्यावरच्या माणसाकडेही जातो. मजकूर एवढा पुरे :

'मा. व्यवस्थापक साहेब, यांसी स. न. वि. वि. मी आपल्या दुकानात अर्धवेळ कामास आहे. माझ्या गावी जाणारी शेवटची एसटी सायंकाळी ७.१५ वाजता सुटते. तरी माझी ड्युटी सायंकाळी ७ वाजेपर्यंत संपेल अशी लावावी, ही विनंती. सकाळी ८ ते १ ही वेळ मी सोमवार ते शुक्रवार सांभाळेन आणि महिन्यातून दोन रविवार येईन. पुढील आठवड्याची ड्युटी आदल्या गुरुवारपर्यंत कळल्यास डॉक्टरांच्या तारखा त्याप्रमाणे घेता येतील. कळावे.'

शेवटून दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. अर्धवेळ माणसाला चार तास कमी-जास्त झाले तरी तो निभावून नेतो, पण उद्याचे आज रात्री कळले तर त्याचा सगळा आठवडा अधांतरी राहतो. तास वाढवून मागण्यापेक्षा आधी कळवण्याची मागणी करावी. दुकानाला तिचा काही खर्च नसल्यामुळे ती मान्यही लवकर होते.

रात्री उशिरा आलेल्या निरोपाला काय उत्तर द्यावे, हेही ठरवून ठेवावे. 'निरोप मिळाला. उद्या दुपारची वेळ दिली आहे, पण सातनंतर गाडी नाही. सात वाजेपर्यंत थांबतो,' असे दोन ओळींत कळवावे. निरोप पाहून गप्प बसणे हा होकारच धरला जातो. आणखी एक खबरदारी अशी की रात्री दुकान बंद करून दुसऱ्या दिवशी सकाळी तेच उघडायची पाळी सलग लागली असेल तर तिथे नक्की बोलावे. पंचविशीतल्या मुलाला ती एका झोपेने भरून काढता येते, साठीनंतर तसे होत नाही.

गणपती, शिमगा आणि अदलाबदल

गणपतीची सुट्टी सगळ्यांनाच हवी असते आणि सगळ्यांना ती मिळत नाही. पण सगळ्यांचे गणपती सारख्या दिवसांचे नसतात. कोणाकडे दीड दिवसाचा असतो, कोणाकडे पाच दिवसांचा, कोणाकडे गौरीबरोबर विसर्जन असते. दीड दिवसवाल्याने तिसऱ्या दिवसापासून पाच दिवसवाल्याची ड्युटी घ्यावी आणि त्याने आधीच्या आठवड्यात ती फेडावी, अशी जोडी श्रावणातच जमवून तक्ता करणाऱ्याला आयती नेऊन द्यावी. मला अशी यादी हातात मिळाली की मी ती कधी बदलत नसे, कारण माझीच डोकेदुखी टळत असे.

शिमग्यात पालखी घरी येण्याचा दिवस वाडीगणिक वेगळा असतो. गावकरी मंडळींनी दिवस ठरवला की त्याच संध्याकाळी दुकानात कळवावे.

अदलाबदलीचा एक नियम मात्र कधी मोडू नये. दोघांत ठरलेली अदलाबदल दुकानाच्या ग्रुपवर लिहावी आणि सुपरवायझरने 'चालेल' म्हटल्यावरच ती पक्की समजावी. एरवी समोरचा आला नाही की गैरहजेरी तक्त्यावर ज्याचे नाव असेल त्याची लागते. अशी एक गैरहजेरी मीच एका मावशींना लावली होती. दोष त्यांचा नव्हता, पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हते आणि त्यांच्याकडेही.

कॅलेंडरवरचा हिशेब

दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहितो, तसाच ड्युटीचा लिहावा. सांगितलेली वेळ, प्रत्यक्ष आलो-गेलो ती वेळ, आणि ऐनवेळी बदल झाला असेल तर तो कोणी सांगितला, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. महिनाअखेरीस दुकानाच्या मस्टरशी ताडून पाहावे. फरक निघाला तर तो त्याच आठवड्यात दाखवावा, कारण पगार वाटून झाल्यावर मागचे कोणी उकरून काढत नाही. अंगठ्याच्या मशीनवर वयस्कर माणसांचे ठसे कधीकधी उमटत नाहीत. अशा दिवशी रजिस्टरमध्ये सही करून तिचा फोटो काढून ठेवावा.

याच नोंदींवरून पावसाळ्याची तजवीजही करता येते. मे आणि गणपतीच्या महिन्यांतली कमाई जून-जुलैच्या शेजारी लिहिली की फरक डोळ्यांसमोर येतो. औषधांचा, वीजबिलाचा खर्च जुलैच्या कमाईत बसेल एवढाच धरावा आणि मेमधला वाढावा तिथे न्यावा.

कायदा कुठे उपयोगी पडतो

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा सध्याचा कायदा २०१७ चा आहे आणि त्यात अर्धवेळ कामगारांना वगळलेले नाही. मूळ कायद्याप्रमाणे दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यावी लागते आणि जादा तासांना दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते. हे नियम १० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० कामगारांवर नेण्याचा आणि दिवसाचे तास १० करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आज आपल्या दुकानाला नेमके कोणते आकडे लागू आहेत, हे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारूनच पुढे बोलावे. छोट्या दुकानात तर मुख्य आधार मालकाशी झालेल्या बोलण्याचाच असतो, म्हणून वरचा कागद तिथे अधिकच महत्त्वाचा ठरतो.

मूळ कायद्यातल्या तीन तरतुदी ज्येष्ठांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. पाळ्यांमध्ये काम चालत असेल तर आठवड्याच्या कामाच्या वेळा कामगारांना लेखी कळवायच्या असतात, म्हणजे लेखी तक्ता मागणे हा आगाऊपणा नव्हे. स्त्री कामगाराला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी तिला घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. वर्षाच्या आठ भरपगारी सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या असतात, पण उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळून ठरवायच्या असतात. गणेशचतुर्थी त्यांत घालून घ्यायची असेल तर ती गोष्ट डिसेंबरातच काढावी.

लेखी काही मागितले तर आपली पेन्शन बंद होईल, अशी भीती अनेकांना वाटते. खासगी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ५८ व्या वर्षानंतर भविष्यनिर्वाह निधीची जी पेन्शन सुरू होते, ती पुन्हा नोकरी धरल्यामुळे थांबत नाही. २०१४ पासून या पेन्शनची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे, आणि एवढ्यावर भागत नाही म्हणूनच तर माणसे पुन्हा काउंटरमागे उभी राहतात.

मागणी केल्यानंतर तास एकाएकी कमी झाले तर लगेच भांडू नये. कॅलेंडरवरून आधीचे आणि नंतरचे चार-चार आठवडे मांडून व्यवस्थापकाला भेटावे आणि कारण विचारावे. मंदी असेल तर ती सगळ्यांच्या तासांत दिसते. फक्त आपलेच तास गेले असतील तर तोच कागद घेऊन कामगार कार्यालयात जावे. कोणाकडे जावे हेच कळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर विचारता येते.

एवढे करूनही वेळा जुळत नसतील तर दुसरे दुकान पाहावे. जी दुकाने संध्याकाळपेक्षा सकाळी जास्त चालतात, तिथे चौकशी करावी. जुने काम सोडताना तारीख लिहून द्यावी, कॅलेंडरच्या पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि शेवटच्या महिन्याची हजेरी आपल्यासमोर मोजून घेतल्यावरच दुकानाची चावी परत करावी.