गाण्याने गाव पालटतं असा सिनेमा खानदेशात करायचा असेल तर

परवानग्या सगळ्यांना माहीत असतात. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्यात एक प्रत, ड्रोन असेल तर त्याचं वेगळं. झालं. ही यादी त्यासाठी नाही.

आधी गावाची शांतता रेकॉर्ड करा. युनिट पोचण्याआधी, जनरेटर उतरण्याआधी, ढोलकीवर पहिली थाप पडण्याआधी. साउंडवाला आणि सोबत एक माणूस, दोघंच, एसटीने पाठवा. पहाटे, भर दुपारी, तिन्हीसांजेला, मध्यरात्री माइक चालू करायचा आणि दहा-दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. गाणं आल्यावर गाव पालटतं हीच गोष्ट सांगायची ना? मग त्याआधी ते गाव कानाला कसं लागायचं हे कळलंच नाही तर पालटलं काय? साउंड लायब्ररीतली तयार शांतता चालत नाही. तिच्यात पिठाची गिरणी नसते, होला घुमत नाही. मागच्या खेपेला आमच्या तापीकाठी कुठल्याशा परदेशी रानातला पक्षी बोलला आणि जळगावच्या प्रेक्षकांनी तो लगेच पकडला.

महिना नीट निवडा. मे नकोच, जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांपर्यंत चढतो. माणसं कशीबशी तगतात, कॅमेरा तापून बंद पडतो. जानेवारी-फेब्रुवारी चांगले. कपाशीची बोंडं फुटलेली हवी असतील तर मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर गाठा. रावेर-यावलकडची केळी बारमाही हिरवी, तिची काळजी नाही. तारखा धरताना पंचांग उघडा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नतिथी लागतात, म्हणजे डीजे. गावात हरिनाम सप्ताह कधी बसतो ते पारावरच्या आप्पांना विचारा, ते सरपंचांपेक्षा खरं सांगतील. शेतीपंपांची थ्री फेज कधी येते ते वायरमनला विचारा. वीज आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात. आता कळलं ना, शांतता आधीच का घ्यायची?

आणि घेतलेली शांतता त्याच हंगामाची हवी. पावसाळ्यातले बेडूक फेब्रुवारीच्या रात्रीत ओरडले तर कुठली जादू उरते!

बोली. धुळे-अमळनेरकडची अहिराणी आणि रावेर-यावलकडची लेवा गणबोली एकाच आईलेकरांच्या तोंडी घालू नका. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची बोली लेवा. ‘खानदेश म्हणजे अहिराणी’ असं समजून लेखक दोन्हींची खिचडी करतो आणि पहिल्याच संवादाला थेटरात हशा पिकतो. गाव कुठलं ते ठरवा, त्या गावातली एक म्हातारी सेटवर बसवा, आणि ती ‘असं कोनी बोलस का?’ म्हणाली की मुकाट्याने बदला.

सिनेमातल्या जादूचे नियम एका पानावर लिहा. विहीर गाऊ लागली, रात्रीतून बोंडं फुटली, तर गावातलं कुणीही डोळे विस्फारणार नाही. बाई घागर भरेल आणि म्हणेल, आज सूर जरा चढाच आहे. हे पान सगळ्या नटांना द्या, पुण्या-मुंबईहून आलेल्यांना दोनदा. कापूस हवेत उडवायचा असेल तर जिनिंगमधून रुई आणा, पण तापलेल्या लाइटपासून लांब ठेवा आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवा. ही गंमत नाही, रुई भसकन पेटते.

वाद्यांचं म्हणाल तर सनईवाल्याला, सातपुड्यातल्या पावरीवाल्याला (पावरी म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) स्टुडिओत ठरलेली पट्टी सांगू नका. त्यांच्या वाद्याचा सूर पक्का असतो, हार्मोनियम त्यांच्याकडे जाईल. डफ दवाने उतरतो, तेव्हा शेकायला शेकोटी हवी, म्हणजे लाकडं हवीत, आणि ती आणणारा माणूस ठरलेला हवा. खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी वापरणार असाल तर ज्यांच्या घरात ती बसते त्या बायांना आधी विचारा. त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला.

गाव पहिल्यांदा गाणं ऐकतं तो प्रसंग सगळ्यात आधी चित्रित करा. तोवर गाणं कर्ण्यावर लावायचं नाही, तालमीतही नाही, स्पॉटबॉयच्या मोबाइलवरही नाही. दोन दिवस वाजलं की पोरं ते गुणगुणत शाळेत जातात, मग कोरे चेहरे कुठून आणणार? शांततेचंही तेच. गाण्याआधीचं गाव नंतर भाड्याने मिळत नाही.

घरातल्या दृश्यांना प्रत्येक खोलीची एक मिनिट शांतता, त्याच माइकवर, सगळे जागच्या जागी उभे. दिग्दर्शकाला घाई असते, त्याला थांबवा. ही मिनिटं नसली की दोन संवादांच्या मधे भोक पडतं आणि अख्खं दृश्य डबिंगला जातं. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय तुम्ही निघणार नाही. दुसऱ्याचं दूध नासवून गावात राहता येत नाही.

बाकीचं भराभर. कॅमेऱ्यात ट्यूबलाइट लुकलुकते, सेकंदाला 24 फ्रेम घेताना कॅमेऱ्याचं शटर 172.8 अंशांवर ठेवा. बॅटऱ्या जास्तीच्या. दुपारच्या जेवणात भरीत-पुरी ठेवू नका, युनिट उठत नाही, रात्री ठेवा. मानधन रोजच्या रोज, रोख. सगळं दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या गाड्यांत. शांततेच्या फाइली दोन्हींत आहेत का ते निघण्याआधी हेडफोन लावून तपासा, आणि त्यांना ‘टेस्ट 1’, ‘टेस्ट 2’ अशी नावं देऊ नका, संकलक त्या पहिल्या दिवशी उडवतो.