वाफेच्या रेल्वेच्या सुरुवातीच्या काळातली इंजिनिअरची वही कशी वाचावी

1829 च्या आसपासची ब्रिटिश इंजिनिअरची वही नुसती वाचून कळत नाही. शेजारी कोरा कागद घेऊन प्रत्येक हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मूळ वही समोर असेल तर शाईचं पेन लांब ठेवा. पेन्सिलीच्या पुसट नोंदींवर बाजूने तिरपा प्रकाश टाकून फोटो काढला की अक्षरं उठून दिसतात.

आधी मापं. हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंड, 100 नव्हे. त्याचे चार क्वार्टर, प्रत्येकी 28 पौंडांचे, आणि 20 हंड्रेडवेटचा टन, म्हणजे 2240 पौंड. तीन खणांत 3–2–14 दिसलं तर 336 + 56 + 14 = 406 पौंड. इथे शंभर धरले की वजनं सुमारे 11 टक्के कमी भरतात आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. लांबी साखळीत असेल तर 80 साखळ्यांचा मैल. गॅलन दिसला की वहीची तारीख बघा: 1826 पासून लागू झालेल्या इंपीरियल गॅलनमध्ये 10 पौंड पाणी मावतं, त्याआधीच्या वाइन गॅलनमध्ये जेमतेम 8.3 पौंड.

दाब बहुधा हवेच्या दाबाच्या वरचा लिहिलेला असतो. पाऱ्याच्या इंचांत असेल तर 1 इंच म्हणजे चौरस इंचाला 0.49 पौंड. 50 पौंडांसाठी सुमारे 102 इंच पारा लागतो, म्हणून दाब मोजायच्या पाऱ्याच्या नळ्या इतक्या उंच असत.

आता वेग. ऑक्टोबर 1829 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी इंजिन निवडायला रेनहिल इथे झालेल्या चाचणीत पूर्ण वेगाने धावायचा टप्पा 1½ मैलांचा होता. दोन्ही टोकांना ⅛ मैल वेग घ्यायला आणि थांबायला. हा टप्पा 6 मिनिटं 30 सेकंदांत झाला तर 1.5 × 3600 ÷ 390, म्हणजे ताशी 13.8 मैल. टोकांचं अंतर आणि वेळ यात मिसळू देऊ नका. दोन खांबांवर दोन घड्याळं असतील आणि एका दिशेच्या सगळ्या फेऱ्या जलद, उलट्या संथ दिसत असतील, तर चढाला दोष देण्याआधी घड्याळांतला फरक तपासा. जाण्यायेण्याच्या वेळांची सरासरी काढली की तो फरक कटतो. मात्र रेनहिलला डबे एका दिशेने ओढले आणि दुसऱ्या दिशेने ढकलले जात, त्यामुळे थोडा फरक खराही असू शकतो.

ओढण्याची ताकद तपासायला रेनहिलला जिंकलेलं 'रॉकेट' हे इंजिन घ्या: सिलिंडर 8 इंच व्यासाचे, दट्ट्याची धाव 17 इंच, चाक 56½ इंच, दाब 50 पौंड. व्यासाचा वर्ग × धाव × दाब × 0.85 ÷ चाकाचा व्यास, उत्तर सुमारे 818 पौंड. (0.85 हा गुणक नंतरच्या काळातला. जुन्या वहीत तो शोधू नका.) इंजिनासकट 17 टनांना सपाटीवर टनामागे 10 पौंड ओढ धरली तर 170 पौंड लागतात. त्याच रेल्वेवरच्या व्हिस्टनसारख्या 96 ला 1 चढावर (96 फुटांत 1 फूट) आणखी 397, एकूण 567. म्हणजे ताकद पुरते. तरी वेग पडतो, कारण बॉयलर तेवढी वाफ सतत देऊ शकत नाही. वहीत ताकदीचा आकडा ठळक आणि वाफेची नोंद गायब असेल, तर तिथे वेगाचा दावा मान्य करू नका.

शेवटी बॉयलरने किती इंधनात किती पाण्याची वाफ केली ते बघा: पाणी भागिले कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन), दोन्ही पौंडांत. त्या काळच्या चांगल्या बॉयलरला 5 ते 7 येणं पटण्यासारखं आहे. 10 च्या वर गेलं तर तीन गोष्टी तपासा: गॅलन कोणता धरला, सुरुवातीला आणि शेवटी बॉयलरमधली पाण्याची पातळी सारखी होती का, आणि वाफेबरोबर पाणी उसळून सिलिंडरमध्ये जात होतं का. तिसऱ्या कारणाने गेलेलं पाणी वहीत 'वाफ झाली' म्हणूनच मोजलं जातं, आणि चिमणीतून पाण्याचे थेंब उडाल्याची एखादी नोंद समासात सापडली तर तोच पुरावा.