हाताने बनवलेली कस्टम गिटार घेतलीय? आधी तिचा कागद करून घ्या

कंपनीच्या गिटारला मॉडेल नंबर असतो, काही बिघडलं की नंबर टाकायचा, पार्ट मागवायचा, विषय संपला. एकट्या माणसाने बनवलेल्या गिटारचं तसं नसतं, तिची सगळी माहिती त्या लुथिअरच्या (म्हणजे गिटार बनवणाऱ्या कारागिराच्या) डोक्यात असते आणि उद्या त्याने काम बंद केलं किंवा चार वर्षांनी त्यालाच आठवेना की तुम्ही अडकलात. म्हणून वाजवा मनसोक्त, पण पहिल्याच आठवड्यात सगळी माहिती कागदावर उतरवून घ्या. तेव्हा तोही उत्साहात असतो, विचारलेलं सांगतो, न विचारलेलं पण सांगतो, लाकडावर तर तासभर बोलेल.

स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, तुम्हीच मोजू शकता, नटपासून (ट्यूनरकडची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर गुणिले दोन, ते 25.5 इंच येईल, 24.75 येईल नाहीतर लुथिअरने स्वतःचंच काहीतरी ठरवलेलं असेल. बाकीचं विचारावं लागतं. फ्रेटबोर्डचा रेडियस (आडवी गोलाई) किती आणि तो कंपाउंड (दोन टोकांना वेगळा) आहे का, फ्रेट वायर कुठल्या मापाची, निकेल-सिल्व्हरची की स्टेनलेस स्टीलची (स्टेनलेस असेल तर पुढे रीफ्रेट करताना, म्हणजे फ्रेट बदलताना, कारागिराची हत्यारं पटापट झिजतात, त्याला आधीच सांगितलेलं बरं), नटच्या खाचा कुठल्या गेजच्या (जाडीच्या) तारांसाठी कापल्यात, फिनिश (लाकडावरचा थर) नायट्रोचं (नायट्रोसेल्युलोज लॅकर), पॉलीचं (पॉलीयुरेथेन किंवा पॉलिएस्टर) की ऑइलचं, ट्रस रॉड (नेकमध्ये, म्हणजे गिटारच्या दांड्यात बसवलेली, त्याचा वाक जुळवायची सळई) सिंगल अॅक्शन की ड्युअल (एकाच दिशेने की दोन्ही दिशांनी वाकवणारा), आणि त्याला चावी कुठली लागते.

या चावीवरून जरा जास्त बोलतो कारण इथेच सगळ्यात जास्त वाट लागते. 3/16 इंची अॅलन की म्हणजे साधारण 4.76 मिमी, तिच्या खाचेत 5 मिमीची चावी जात नाही आणि 4.5 ची सैल जाते, सैल असली तरी फिरते आहे ना म्हणून लोक फिरवतात आणि रॉडच्या टोकाच्या नटचे (हा तारांचा नट नव्हे) कोपरे घासून गोल झाले की रॉड गेला बाराच्या भावात. लुथिअरकडून तीच चावी मागून घ्या आणि केसमध्ये टेप लावून चिकटवून टाका.

मग मागचं झाकण उघडून वायरिंगचे फोटो काढा. हाताने गुंडाळलेले पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकावरची वेटोळी) असतील तर चार वायरींपैकी कुठला रंग कशाचा हेही लिहून घ्या, कारण रंगांचा कोड प्रत्येक बनवणाऱ्याचा वेगळा असतो, दुसऱ्याचा चार्ट बघून सोल्डर मारलं तर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो आणि मग पिकअपलाच नावं ठेवत बसतो आपण.

आता नेक. लाकूड नवीन घरातल्या हवेला रुळायला वेळ घेतं, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने नेक थोडा हलणारच, घाबरून लगेच परत पाठवायची गरज नाही. तपासायचं असं: नेहमीच्या ट्यूनिंगला लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी क्लिप), जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) 0.2 ते 0.25 मिमी आली तर बहुतेकांना चालते. गेज नसेल तर तिथे तारेवर टिचकी मारा, अगदी बारीक 'टिक' आली पाहिजे, नाहीच आली तर नेक अगदी सरळ आहे किंवा मागे गेलाय. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने, पण एका वेळी एक अष्टमांश वळसा, जास्त नाही, मग परत ट्यून करून थोडा वेळ थांबा आणि पुन्हा मोजा. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबायचं, सरळ लुथिअरला फोन.

खोलीतली आर्द्रता 45 ते 55 टक्के असली की उत्तम. हवा फार कोरडी झाली की फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचायला लागतात. लगेच कानस घेऊन बसू नका, आधी आर्द्रता वर आणा, बऱ्याचदा टोचणं आपोआप कमी होतं.

फिनिशचं थोडक्यात. नायट्रो असेल तर रबराच्या स्टँडवर ठेवू नका, डाग पडतो आणि तो निघत नाही, स्टँडला सुती कापड गुंडाळा. सिलिकॉनवालं पॉलिश कुठल्याच गिटारला नको, पुढे टचअप करायची वेळ आली की नवा थर तिथे धरतच नाही. रोजवुड, एबनी फ्रेटबोर्डला अधूनमधून तेलाचे दोन थेंब, फिनिश केलेल्या मेपलला काहीच नाही, पुसा फक्त.

तारांचा गेज बदलताना त्या कागदावर नजर टाका. 10 साठी (सर्वात बारीक तार 0.010 इंच) कापलेल्या नटमध्ये 11 चा जाड सेट टाकला तर तार खाचेत अडकते, ट्यून करताना 'टिंग' आवाज येतो आणि तार ओढून बेंड केलं की सूर परत मूळ जागी येत नाही, लोक बिचाऱ्या ट्यूनरला शिव्या देतात. खाच रुंद करायला वेगळी फाइल लागते, ते काम कारागिराकडे.

लाकडाचं नाव पण लिहून घ्या, बोटॅनिकल नावासकट. 2017 पासून सगळ्या डाल्बर्जियावर (रोजवुडच्या वंशावर) सायटीसचे (दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आले होते, नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोजवुड म्हणजे डाल्बर्जिया नायग्रा त्या सवलतीत येत नाही, ते 1992 पासूनच सगळ्यात कडक यादीत आहे. गिटारमध्ये ते असेल तर परदेशात विकण्याआधी, पाठवण्याआधी परमिटचं बघावं लागतं, आणि कस्टम्सवाल्यासमोर 'लुथिअर म्हणाला होता' चालत नाही, बिलावरच लाकडाचं नाव लिहून मागा.