घरातल्या जुन्या फोटोंवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

फोटोग्राफीच्या वर्गात 'माझं कुटुंब' हा विषय मिळाला की बरीच मुलं आधी शैली ठरवतात आणि मग माळ्यावरचा अल्बम खाली काढतात. सायनोटाइप (रसायनाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाने निळी प्रिंट उतरवायची पद्धत) करायचं हे पक्कं असतं, फक्त त्यात बसेल असा आजीचा चेहरा हवा असतो. मूळ फोटोंचे हाल होतात ते या घाईत. आधी फोटो बघा, त्यांच्या प्रती करा, प्रयोग जे काय करायचे ते प्रतींवर.

चिकट पानं आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम बहुतेक घरांत असतात. त्यातले फोटो नखाने किंवा सुरीने उचकटू नका. डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही सुटत नसेल तर नाद सोडा, पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर ओढूच नका, इमल्शन, म्हणजे चित्र असलेला वरचा थर, काचेवरच राहतं. काचेतूनच त्याची कॉपी घ्या.

फोटो सोडवायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणाशेजारी कोण लावलंय, कुठली जागा रिकामी आहे, यातच निम्मी गोष्ट असते. पाठीमागची बाजूही सोडू नका. स्टुडिओचा शिक्का, 'सप्रेम भेट', एखादी तारीख तिथेच सापडते. आणि 'टिकेल' म्हणून लॅमिनेशन करायला कोणी निघालं तर त्यांना थांबवा. उष्णता आणि गोंद एकदा फोटोत गेले की परतीची वाट नाही.

पोस्टकार्ड आकाराची प्रिंट स्कॅन करताना 600 डीपीआय (दर इंचातले ठिपके) पुरतं, पासपोर्ट आकाराला 1200 ठेवा. फाइल टिफ (TIFF) या प्रकारात जपा. चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो मोठा केला की फाटतो, कारण पाठवतानाच त्याची फाइल दाबून लहान केली जाते. त्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर दिसले तर स्कॅनर बिघडलेला नाही. त्या प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग, म्हणजे सायन, आधी उडालेला असतो. कृष्णधवल फोटोच्या कडांना पाऱ्यासारखी निळसर झाक दिसते, ती पृष्ठभागावर आलेली चांदी असते. ती पुसायला जाऊ नका. दुरुस्ती संगणकावर, तीही प्रतीत.

एआयने रंग भरताना जरा जपून. त्याने शालूला दिलेला हिरवा रंग हा अंदाज असतो. शालू नेसलेली बाई अजून घरात असेल तर आधी तिला विचारा. धूसर चेहरा 'स्पष्ट' करणारी अ‍ॅप्स तर सरळ नवं नाक-डोळे बसवतात. प्रदर्शनात तो चेहरा आजोबांचा म्हणून लावणं मला तरी पटत नाही.

जुनी निगेटिव्ह उलटी स्कॅन होणं ही तर नेहमीची गोष्ट. नथ उजव्या नाकपुडीत किंवा शर्टाचा खिसा उजवीकडे दिसला की शंका घ्या. निगेटिव्हची चकचकीत बाजू तुमच्याकडे असताना चित्र सरळ दिसतं.

आता सायनोटाइप. जॉन हर्शेलने 1842 साली ही पद्धत शोधली आणि 1843 पासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने शेवाळं थेट कागदावर ठेवून त्यांची चित्रं उतरवली. तुमचंही पिंपळपान पहिल्याच दिवशी छान येतं. त्या जोरावर लगेच चेहरा घेऊ नका. पानाला बाह्यरेषा पुरते, चेहऱ्याला मधल्या छटा लागतात. फिकट स्कॅनवरून थेट निगेटिव्ह केली तर प्रिंट मळकट येते. आधी कॉन्ट्रास्ट नीट करा, मग पारदर्शक शीटवर प्रिंटच्याच आकाराची निगेटिव्ह छापा. शाईची बाजू कागदाला टेकवायची असल्यामुळे निगेटिव्ह आरशातल्यासारखी उलटी छापावी लागते. हे विसरलं की दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी येतात.

धुताना सगळा निळा वाहून गेला तर ऊन कमी पडलंय. गडद भाग करडे-तपकिरी दिसेपर्यंत थांबा. 5, 10, 15, 20 मिनिटं ऊन दिलेली चाचणीपट्टी आधी काढा, कारण एप्रिलमधल्या दुपारची वेळ ऑगस्टच्या ढगाळ हवेत चालत नाही. पांढरे भागही निळसर आले तर कागदाला लेप उजेडात लागलाय किंवा तो दमट राहिलाय. पावसाळ्यात लेप दिलेला कागद त्याच दिवशी वापरलेला बरा. बोअरच्या पाण्याने निळा फिका पडत असेल तर पहिल्या धुण्यात थोडं व्हिनेगर घाला. क्षारयुक्त पाणी आणि साबण या निळ्याचे शत्रू आहेत. हातमोजे घाला, आणि लेपातल्या पोटॅशियम फेरीसायनाइडजवळ टॉयलेट क्लीनरसारखं तीव्र आम्ल आणू नका, विषारी वायू निघू शकतो.

आणखी एक, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. अल्बममधला प्रत्येक माणूस भिंतीवर लागायला राजी नसतो. मोडलेलं लग्न, कात्रीने कापलेला चेहरा, ओळख देताना मावशीने गाळलेलं एखादं नाव: अशा फोटोंबद्दल आधीच विचारा. "मावशी, हा कॉलेजात लावला तर चालेल ना?" एवढंच. ती नाही म्हणाली तर दुसरा फोटो निवडा. हो म्हणाली तर मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तिला बोलू द्या.