बुलियन टाका: या चुका टाळा

बुलियन टाका म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घालून त्यांतून सुई ओढून काढायचा भरतकामातला उठावदार टाका. तो जमत नाही अशी तक्रार आली की मी हात बघत नाही, आधी सुई बघते. बहुतेक वेळा खोट तिथेच सापडते. भरतकामाच्या नेहमीच्या सुईचं नेढं दांड्यापेक्षा रुंद असतं. वेढे बसतात दांड्याच्या मापाने, आणि सुई ओढायची वेळ आली की नेढं त्यांत अडकतं. मिलिनर्स किंवा स्ट्रॉ या नावाने मिळणारी लांब सुई वापरा. तिचा दांडा नेढ्यापर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचा असतो. नेढं बारीक असल्याने ओवताना वैताग येतो, तेवढा सोसा. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हेही खरेदी करताना ध्यानात ठेवा.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका ताईंना पहिल्याच दिवशी गुलाब हवा होता, तोही तयार रेशमी कपड्याच्या गळ्यावर. सरावाचं कापड पुढे केलं तर म्हणाल्या, "त्यात वेळ जातो." सुई नेहमीचीच, वेढे भरमसाट आणि कचकचून आवळलेले. सुई अडली. मी दुसरीकडे वळले तेवढ्यात त्यांनी पर्समधून छोटी पक्कड काढली आणि ओढली! सुई आली, पण गोळा झालेले वेढे कापडातून ओढत घेऊन आली. रेशीम चुणलं आणि मधोमध भोक पडलं. वर मलाच प्रश्न, "व्हिडिओत तर झर्रकन निघते?" व्हिडिओतली सुई कोणती होती, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. शेवटी मागून तुकडा लावून त्या भोकावर सॅटिन टाक्याचं पान भरलं. पुढे कौतुक झालं ते त्या पानाचंच.

सुई अडलीच, तर वेढे बोटांत हलके धरून सुई मागेपुढे थोडी फिरवा. तरी निघाली नाही, तर वेढे उलगडा आणि पुन्हा घाला. पक्कड घरातल्या दुसऱ्या कामांसाठी ठेवा.

दुसरा माझा रागाचा विषय म्हणजे वेढ्यांचा हिशेब. टाक्याच्या दोन टोकांत जेवढं अंतर, तेवढीच लांबी सुईवर शेजारी शेजारी बसलेल्या वेढ्यांची हवी. कमी पडले तर टाका ताणून मधून बारीक होतो आणि दोरा उघडा दिसतो. जास्त झाले तर तो कमान करतो. गुलाबाच्या पाकळीला ही कमान हवीच असते, म्हणून तिथे मी मुद्दाम तीन-चार वेढे वाढवते. पण सरळ देठावर कमान आली की अळी चालल्यासारखी दिसते. आकडा पाठ करून उपयोग नाही, कारण दोऱ्याचे पदर बदलले की तो बदलतो. मी वेढे घातलेली सुई सरळ कापडावर आडवी ठेवून बघते. मोजणीपेक्षा हे बरं.

वेढे घट्ट आवळू नका. दांड्याला नुसते टेकलेले पुरतात. कोणत्या दिशेने घालायचे, यावर वाद घालत बसू नका. घालताना दोऱ्याचा पीळ सुटत असेल तर दिशा उलटी करा. एकावर एक चढलेला वेढा तिथेच सरळ करा, नंतर होत नाही.

सुई ओढताना दुसऱ्या हाताचा अंगठा वेढ्यांवरून उचलायचा नाही. इथेच घाई नडते. दोरा सगळा बाहेर आला की तो टाक्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळवून ओढा, वेढे आपोआप आडवे होतात. फटी राहिल्या तर सुईचा दांडा वेढ्यांखालून दोन-चार वेळा फिरवा, मग दोरा खाली न्या.

दोऱ्याला मेण लावून सुई सरकवायची युक्ती मला पटत नाही; चमक जाते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका. रिंगमधलं कापड या टाक्यापुरतं जरा सैल ठेवा, नाहीतर सुईचं टोक परत वर काढता येत नाही. आणि इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, नाहीतर उठाव चेपलाच म्हणून समजा.