फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम घरी वाढवायचंय? मग आधी कुंडी बदला

ग्लोरिओसम हे मूळचं कोलंबियाचं झाड, तिथल्या दमट जंगलात सावलीत जमिनीवर पसरत जातं. एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाने १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. पान हृदयाच्या आकाराचं, हात लावला की मखमल, आणि हिरव्यावर पांढऱ्या शिरा इतक्या स्पष्ट की लांबूनही ओळखू येतं. जुन्या झाडाचं एकेक पान फूटभराच्या पुढे जातं. आता टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली छोटी रोपं आपल्याकडेही मिळायला लागलीत त्यामुळे पूर्वीसारखं खिसा रिकामा करावा लागत नाही, पण मिळतंय म्हणून घेतलं आणि मनीप्लांटसारखं ठेवलं तर ते टिकत नाही.

घेताना एक बघा, देठ नीट बघा. ग्लोरिओसमचा देठ वरच्या बाजूने चपटा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना फिकट रेघ असते. मेलॅनोक्रायसम या दुसऱ्या फिलोडेंड्रॉनबरोबरचा संकर 'ग्लोरिअस' नावाने विकला जातो, तोही सुंदरच आहे पण तो वर चढणारा, त्याला आधाराची काठी लागते. ग्लोरिओसम अजिबात चढत नाही. मॉसची (शेवाळ गुंडाळलेली) काठी लावून विकत असतील तर दोनदा विचारा.

आता मुख्य मुद्दा, कुंडी. या झाडाचं खोड हळदीच्या गड्ड्यासारखं आडवं सरपटत पुढे जातं, मुळं खालून सुटतात आणि नवीन पान कायम पुढच्या टोकालाच येतं. म्हणून गोल खोल कुंडी त्याच्या काही कामाची नाही, टोक लगेच कडेला जाऊन आदळतं. लांबट, उथळ कुंडी घ्या, आपण बाल्कनीत पालक-मेथी लावतो ना ती चालते, फक्त खाली भोकं भरपूर हवीत. झाड एका टोकाला ठेवायचं आणि वाढतं तोंड रिकाम्या बाजूला करायचं. आणि प्लीज प्लीज खोड मातीत पुरू नका, ते वरच दिसायला हवं, फक्त मुळं खाली. बरीच झाडं इथेच जातात, लोक प्रेमाने माती चढवतात आणि पावसाळ्यात खोड सडून मऊ पडतं.

माती म्हणजे खरंतर आपली बागेतली लाल किंवा काळी माती नकोच. नारळाच्या सालीचे तुकडे जास्त, त्यात थोडं कोकोपीट, पर्लाईट (पांढरे हलके खडे), लाकडी कोळशाचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत. पाणी ओतलं की दोन मिनिटांत खालून निघून गेलं पाहिजे, वर तळं साचत असेल तर मिश्रण चुकलंय. पाण्याचं वेळापत्रक ठरवू नका, बोट घाला, वरचा इंचभर थर कोरडा लागला की द्या, नाहीतर राहू द्या. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे कुंडीच्या कडेला पांढरा थर साचत असेल, तर पावसाचं पाणी साठवून ते वापरा, पानांच्या कडा करपणं बरंच कमी होतं.

मुंबई, कोकण, गोवा इथे हवेतला दमटपणा आयताच मिळतो, तिथे काळजी फक्त पावसाळ्यात बुरशीची, हवा खेळती ठेवा. पुणे-नाशिकला मात्र मार्च ते मे हवा इतकी कोरडी होते की नवीन पान उलगडता उलगडताच अडकतं आणि फाटतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर बाल्कनीत ठेवूच नका. झाडं एकत्र ठेवा, खाली खडे आणि पाणी घातलेला ट्रे ठेवा, किंवा ह्युमिडिफायर. पानांवर सतत पाणी फवारायची सवय नको कारण मखमली पानावर थेंब सुकून डाग पडतात. धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा, पान चमकवायचा स्प्रे अजिबात नाही. उजेड भरपूर पण ऊन थेट नको, पूर्वेची खिडकी उत्तम, सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ चालतं. थंडीत पारा १५ च्या खाली जायला लागला की घरात घ्या आणि पाणी कमी करा.

नवीन पानाची वाट बघायला जिवावर येतं हे खरंय, कोंब दिसल्यापासून पान पूर्ण उघडायला कित्येक आठवडे जातात. पण बोटांनी उलगडायला जाऊ नका, ती जखम पान असेपर्यंत दिसते. वाढीच्या दिवसांत १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदोनदा, बास.

पानाच्या मागे चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक ठिपके दिसले की थ्रिप्स (फुलकिडे) समजा, झाड लगेच वेगळं करा आणि दर पाच-सहा दिवसांनी कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून मागून-पुढून फवारा, संध्याकाळीच. एकदा मारून थांबलात तर ते परत येतात कारण अंडी पानाच्या आत असतात.

रोपं वाढवायची असतील तर खोड उपटू नका. मागच्या भागात जिथे निदान दोन डोळे आणि मुळं आहेत तिथे स्वच्छ ब्लेडने जागच्या जागी काप द्या, कापावर दालचिनी पावडर लावा आणि तसंच कुंडीत राहू द्या. मागच्या तुकड्यावर कोंब फुटून पान आलं की मगच वेगळं लावा. हातमोजे घाला, हे अळू-सुरणाच्याच कुळातलं आहे, त्याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया यातही असतात, हाताला चीक लागला तर खाज सुटू शकते. मांजर, कुत्रा किंवा रांगतं बाळ घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पान चावलं तर तोंड सुजतं.