तिसरा कॉम्प्रेसर बसवण्याआधी : पिकअपच्या एसीत या चुका टाळा

माझा मेव्हणा पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो. गेल्या उन्हाळ्यात पिकअप माझ्या दारात लावली आणि म्हणाला, "दाजी, चौदा महिन्यांत तीन कॉम्प्रेसर गेले. मालच भिकार येतोय बघा." मी नाशकात गाड्यांच्या एसीचंच काम करतो, तरी पहिल्या दोन वेळी तो दुसरीकडे गेला होता. पाहुण्याकडे घासाघीस करता येत नाही, हे त्याचं कारण. असो. मी विचारलं, "आधीचे दोन कुठायत?" भंगारात. तिसरा गाडीवरच होता, तेवढं बरं.

जुना कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबून फिरवणारं यंत्र, न बघता टाकून देणं, ही पहिली चूक. तो का गेला हे त्याच्या पोटात दिसतं. खोलून त्यातलं ऑइल पांढऱ्या कागदावर ओता. स्वच्छ, पिवळसर किंवा हिरवट असेल तर आतलं यंत्र बहुधा ठीक आहे, त्याला पट्ट्याच्या पुलीशी जोडणाऱ्या क्लचकडे बघा. काळं आणि त्यात चंदेरी चमक असेल तर धातू झिजून सगळ्या लाइनीत फिरलाय. तांबूस, गंजासारखं असेल तर पाणी शिरलंय. ऑइल जवळजवळ नसेलच, तर कॉम्प्रेसर कोरडा चालून मेला. मेव्हण्याच्या तिसऱ्या कॉम्प्रेसरमधून जेमतेम चमचाभर निघालं, तेही काजळीसारखं काळं.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. इंजिनात ऑइल चेंबरमध्ये असतं आणि पंप ते फिरवतो. एसीत तसं नाही. ऑइल गॅसबरोबरच पूर्ण लाइनभर फिरून कॉम्प्रेसरकडे परत येतं. गॅस कमी झाला की ऑइल कंडेन्सरमध्ये (रेडिएटरपुढची, गॅस निववून द्रव करणारी जाळी), कूलिंग कॉइलमध्ये पडून राहतं. म्हणजे "थोडा गॅस कमी आहे, पण चालतंय" असं आपण म्हणतो तेव्हा कॉम्प्रेसर उपाशी पळत असतो.

मेव्हण्याचं नेमकं हेच झालं होतं. रबरी पाइपाला जिथे अ‍ॅल्युमिनियमची टोपी दाबून बसवतात, त्या जोडावर बारीक लीक होतं. पाइप ब्रॅकेटला घासत होता. दर दोन-अडीच महिन्यांनी गारवा कमी व्हायचा, तो गॅरेजला जायचा, गॅस टॉप-अप करून यायचा. गॅसबरोबर ऑइलही बाहेर पडतंय हे कुणी सांगितलं नाही. लीक असलेल्या जागी ऑइलवर धूळ बसून काळा, चिकट डाग पडतो. बॉनेट उघडून टॉर्च मारला तरी निम्म्या वेळा सापडतो. नाहीच सापडला तर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायचा. टायरवाल्याकडची हवा भरू नका, त्यात दमट वाफ असते आणि उरलेल्या आर-१३४ए (एसीतला गॅस) बरोबर दाबाखाली हवा मिसळणं धोक्याचंही आहे. ऑक्सिजन तर मुळीच नको.

पुढची चूक जास्त वाईट. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो. साधारण २ बारखाली दाब गेला की तो करंट तोडतो, कॉम्प्रेसर वाचावा म्हणूनच तो बसवलेला असतो. मेव्हण्याचा एसी घाटात सारखा कट होतोय म्हणून कुणीतरी स्विचच्या दोन वायरी जोडून जंपर मारला. एसी कट व्हायचा थांबला. दीड महिन्यात दुसरा कॉम्प्रेसर जाम झाला. जंपर दोन मिनिटं तपासणीसाठी मारायला हरकत नाही, पण गाडी तसंच गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे फ्यूजच्या जागी तार घालण्यासारखं आहे.

मग तिसरा का गेला? कारण दुसरा जाम होताना त्याचा चुरा लाइनीत गेला आणि तो तिथेच ठेवून वर नवा कॉम्प्रेसर बसवला. बऱ्याच जणांना वाटतं, फ्लशिंग केलं, म्हणजे द्रव सोडून लाइन धुतली, की झालं. पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश होतात. पण आजकालच्या पॅरलल फ्लो कंडेन्सरच्या नळ्यांत मिलिमीटरभराच्या भोकांची रांग असते. चुऱ्याने दहापैकी चार भोकं बंद झाली तरी फ्लशिंगचं द्रव उरलेल्या सहांतून सुरळीत निघून जातं आणि आपल्याला वाटतं, साफ झालं. धातूचा चुरा दिसला तर असा कंडेन्सर बदलायचा, कूलिंग कॉइलमध्ये गॅस मापात सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा आणि ड्रायर तर बदलायचाच. खर्च दुप्पट होतो, खरं आहे. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मी अशा वेळी काम न घेतलेलं बरं समजतो.

ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात. लाइन उघडी राहिली की ते हवेतला दमटपणा पिऊन बसतात, आणि आपल्याकडे जुलैत तर काही तासांत. जुना ड्रायर पुसून परत लावणं ही खोटी बचत आहे.

व्हॅक्युमबद्दलही, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने लाइन रिकामी करण्यातही, घाई चालते. पंप दहा मिनिटं लावला, काटा खाली गेला, गॅस भरा! काटा खाली जाणं म्हणजे हवा निघाली, पाणी अजून आत आहे. खोल व्हॅक्युममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं, पण त्याला वेळ लागतो. किमान ४५ मिनिटं द्या, मग पंप बंद करून १५ मिनिटं काटा हलतो का बघा. आणखी एक गंमत : पुस्तकात व्हॅक्युम २९ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, इथे पूर्ण व्हॅक्युमलाही साधा गेज २८ च्या पुढे जात नाही. पंप खराब आहे म्हणून नवा घेतलेले लोक मला माहीत आहेत.

गॅस वजनाने भरा. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो. इंजिन बंद असताना गेज बघून "भरपूर आहे" म्हणण्यात अर्थ नाही. ३० अंश तापमानात दोन्ही काटे ९५ पीएसआयच्या आसपास थांबतात, आत २०० ग्रॅम असो की ६००, कारण द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. गॅस जास्त झाला तर हाय साइड, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, चढते आणि द्रव गॅस कॉम्प्रेसरकडे आला तर आतल्या पातळ व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात.

स्वस्त कॅनचा मोहही नको. बनावट आर-१३४ए मध्ये काहीबाही मिसळलेलं असतं. २०११ मध्ये व्हिएतनामला दुरुस्त झालेल्या काही रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट झाले, ते गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं म्हणून. ते अ‍ॅल्युमिनियमशी क्रिया करून हवा लागताच पेटणारा पदार्थ बनवतं. आणि आपला कंडेन्सर कशाचा असतो? लीक बंद करणाऱ्या बाटल्यांबद्दल एवढंच सांगतो की त्यातलं रसायन एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये घट्ट झालेलं मी काढलेलं आहे.

ऑइलचं माप चुकवू नका. बरेचसे नवे कॉम्प्रेसर ऑइल भरूनच येतात, तरी काही मिस्त्री वरून अर्धी बाटली ओततात. जुन्यातून किती निघालं, कोणते सुटे भाग बदलले, त्यावर हिशोब करा. ग्रेडही कॉम्प्रेसरवर लिहिलेलीच वापरा, पीएजी (एसीचं ऑइल) ४६ च्या जागी १०० चालत नाही. बसवल्यावर क्लचची पुढची प्लेट हाताने आठ-दहा वेळा फिरवा, म्हणजे साचलेलं ऑइल बाहेर सरकतं. त्याशिवाय एसी चालू करायचा नाही.

आता पिकअपचा खास त्रास. यातल्या अनेक गाड्या बिनएसीच्या घेऊन बाहेरून किट बसवलेलं असतं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण लहान पिकअप त्या नियमात येत नाही, त्यामुळे ही किटं चालूच राहणार. बाहेरच्या किटमध्ये रेडिएटरपुढे कंडेन्सर टेकवतात आणि पंखा मात्र लहानच. त्यावर शेतातल्या रस्त्याची धूळ, पाचट, कागद. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत हाय साइड ३२५ पीएसआयच्या पुढे गेली की कॉम्प्रेसर भाजून निघतो. तपासायला सोपं आहे : इंजिन आयडलवर ठेवून कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारा. दाब झपकन उतरला आणि गारवा वाढला तर दोष हवेच्या प्रवाहात आहे. पंख्यासमोर कागद धरून तो आत ओढला जातो का तेही बघा. वायरिंग करताना उलटा फिरायला लागलेला पंखा मी दोनदा पाहिलाय.

क्लच जळत असेल तर कॉम्प्रेसरला दोष देण्याआधी कॉइलच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना तिथे ११ येत असेल तर रिले किंवा अर्थिंग खराब आहे, प्लेट घसरून निळी पडणारच. प्लेटची फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर हवी. ब्रॅकेटचे बोल्टही आवळून घ्या, डिझेलच्या थरथरीने ते सुटतात आणि पट्टा तिरका चालतो.

मेव्हण्याच्या गाडीला पाइप, कंडेन्सर, व्हॉल्व्ह, ड्रायर, चौथा कॉम्प्रेसर, सगळं घातलं आणि जंपर काढला. पाइप घासत होता तिथे रबराचा तुकडा आणि क्लिप बसवली. पंचवीस रुपयांची क्लिप. बिलात ती मी वेगळी लिहिली, मुद्दाम.